पडद्यावरील बटण आणि यंत्राची नजर

पोळ्याच्या दिवशी आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातील कोणत्याही गावी तोरणाजवळ उभे राहून पाहावे. बैलांच्या शिंगांना रंग, कपाळावर बाशिंग, अंगावर झूल आणि गळ्यात घुंगुरमाळा. रोजचा बैल त्या साजात पार झाकून गेलेला असतो. तरीही एवढ्या जोड्यांच्या गर्दीतून शेतकऱ्याचे पोर आपला बैल क्षणात ओळखते. कशावरून ओळखलास, असे विचारले तर त्याला धड सांगता येत नाही. ओळखणे ही आपल्याला इतकी सहज साधलेली क्रिया आहे की, ती काही क्रिया आहे याचेच आपणांस विस्मरण पडते. हीच क्रिया यंत्राला शिकवू गेले म्हणजे मात्र तिची खरी किंमत कळते.

या अफाट विषयाचा एक लहानसा कोपरा आज आपण पाहणार आहोत. संगणकाच्या पडद्यावरील बटण संगणकानेच चित्रावरून ओळखावे आणि माणसाचा हात न लागता दाबावे, अशी एक युक्ती आहे. तिचे अंतरंग कसे असते, ती कोठे उपयोगी पडते आणि कोठे फसते, याचा हा पाठ. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. यंत्रविद्या हा आमचा प्रांत नव्हे. तरीही या विषयावर लिहिण्यास प्रवृत्त झालो, याचे कारण आमच्याच हातून घडलेली एक चूक होय. ती यथास्थळी सांगू.

बटण कोणासाठी?

प्रथम एक गोष्ट ध्यानी घ्यावी. पडद्यावरचे बटण हे खरे बटण नव्हे. ते बटणाचे चित्र आहे. डग्लस एंगलबार्ट या अमेरिकन संशोधकाने ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे जाणकारांच्या सभेत माउस हाती धरून संगणक चालवून दाखवला. पुढे १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेत ‘आल्टो’ नावाचा चित्रमय पडद्याचा संगणक तयार झाला. तेव्हापासून आज्ञा टंकून देण्याऐवजी चित्राकडे बोट दाखवून काम सांगण्याची रीत रूढ होत गेली. हे चित्र काढले ते माणसाच्या डोळ्यांसाठी. संगणकाला स्वतःला त्याची काहीच गरज नसते.

मग संगणकाने आपणच काढलेले चित्र पुन्हा शोधावे आणि आपणच दाबावे, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? याचे उत्तर असे की, आपण वापरतो ती सर्व सॉफ्टवेअरे एकाच घरातील नसतात. एकातील माहिती दुसऱ्यात नेण्यासाठी आतला दरवाजा ठेवलेला असतोच असे नाही. मग उरतो तो पुढचा दरवाजा, म्हणजे पडदा. एकच अर्ज शंभर वेळा भरायचा आणि शंभर वेळा तेच बटण दाबायचे, असा प्रसंग आला म्हणजे कंटाळलेल्या माणसाला वाटते, हे काम यंत्राने का करू नये?

ते करवून घेण्याच्या तीन रीती आहेत. पहिली जागा सांगण्याची: ‘पडद्याच्या डाव्या कडेपासून ६०० ठिपके आणि वरच्या कडेपासून ४०० ठिपके, तेथे दाब.’ चौकट थोडी सरकली की ही रीत कोलमडते. दुसरी रीत नाव विचारण्याची: बटणाला कार्यक्रमाच्या आत एक नाव दिलेले असते, त्या नावाने त्याला हाक मारायची. ही सर्वांत भरवशाची; परंतु पुष्कळ बटणांना नाव दिलेलेच नसते, आणि दूरच्या संगणकाचे केवळ चित्र आपल्या पडद्यावर येत असेल तर नावे आपल्यापर्यंत पोहोचतच नाहीत. तिसरी रीत चेहरा दाखवण्याची: ‘असे दिसणारे बटण शोध आणि दाब.’ आपला विषय ही तिसरी रीत.

तिचा एक प्रसिद्ध नमुना म्हणजे अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत टॉम ये, त्सुंग-शियांग चांग आणि रॉब मिलर यांनी २००९ मध्ये मांडलेली ‘सिकुली’ ही योजना. मेक्सिकोतील ह्युइचोल लोकांच्या भाषेतून घेतलेल्या या नावाचा अर्थ ‘देवाचा डोळा’ असा त्यांनी दिला. या नावात किती अतिशयोक्ती आहे, हे पुढे दिसेलच.

ओळखण्याच्या पायऱ्या

यंत्र बटण कसे ओळखते, हे आता गणिताने पाहू. पडदा म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. नेहमीच्या एका पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग अंकांनी लिहिलेला असतो. यंत्र पाहते ते केवळ हे अंक.

पहिली पायरी: आपण हव्या त्या बटणाचे चित्र कापून यंत्राला देतो. याला साचा म्हणू. समजा, तो १०० ठिपके रुंद आणि ४० ठिपके उंच आहे. म्हणजे त्यात ४,००० ठिपके आहेत.

दुसरी पायरी: यंत्र पडद्याचे चित्र घेते आणि हा साचा डाव्या वरच्या कोपऱ्यापासून एकेक ठिपका सरकवीत सर्व पडद्यावर फिरवते. साचा आडवा १,८२१ जागी आणि उभा १,०४१ जागी बसू शकतो. या दोन संख्यांचा गुणाकार १८,९५,६६१ होतो. प्रत्येक जागी ४,००० ठिपके ताडून पाहायचे, म्हणजे एका बटणाच्या शोधासाठी ७५८ कोटी २६ लक्ष ४४ हजार तुलना!

येथे एक सुरेख युक्ती वापरता येते. पडदा आणि साचा दोन्ही प्रत्येक बाजूने निम्मे करावेत. आता जागा उरतात ९११ × ५२१, म्हणजे ४,७४,६३१, आणि साच्यात ठिपके उरतात १,०००. तुलना ४७ कोटी ४६ लक्ष ३१ हजारांवर येतात, म्हणजे सुमारे सोळाव्या हिश्शावर. या लहान चित्रात बटणाची अंदाजी जागा सापडली की मोठ्या चित्रात तेवढाच भाग बारकाईने तपासायचा. आपणही हरवलेले गुरू शोधताना आधी टेकडीवर चढून नजर टाकतो आणि मग नेमक्या ओढ्यात उतरतो, तसेच हे.

तिसरी पायरी निर्णयाची. साचा आणि पडदा तंतोतंत जुळतीलच असे नाही. छटा किंचित बदलते, अक्षरांच्या कडा पुसट होतात. म्हणून यंत्राला सांगावे लागते की, शेकडा अमुक इतके साम्य आढळले तर ते बटण समजावे. याला आपण किमान साम्य म्हणू. हा आकडा यंत्र ठरवत नाही. तो माणूस ठरवतो. फार वर ठेवला तर खरे बटण समोर असूनही यंत्र ‘सापडले नाही’ म्हणते. फार खाली ठेवला तर परक्यालाच आपले म्हणते.

चौथी पायरी: सर्वांत अधिक साम्य जेथे आढळले त्या जागेच्या मध्यावर माउस नेऊन बटण दाबणे.

‘ओपनसीव्ही’ हा चित्रगणिताचा खुला संग्रह आणि पायथन भाषेतील ‘पायऑटोगुई’ हे साधन यांच्या साहाय्याने हे सारे दहा-पंधरा ओळींत लिहिता येते. ही साधने विनामूल्य मिळतात.

आमची चूक

आता आमची गोष्ट. एका वर्षी शाळेतील ६१ विद्यार्थ्यांचे शिष्यवृत्तीचे अर्ज एका संकेतस्थळावर भरण्याचे काम आमच्याकडे आले. मुदतीला दोन दिवस उरले होते. एका अर्जाला सुमारे चार मिनिटे लागत. आमच्या अकरावीतील एका विद्यार्थ्याने पायथन शिकून घेतले होते. त्याच्या मदतीने आम्ही वरील पद्धतीचा एक कार्यक्रम रचला. यादीतून माहिती उचलायची, चौकटीत भरायची आणि निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत ‘सहेजें’ असे लिहिलेले बटण ओळखून दाबायचे. दुपारी तीन अर्ज भरून पाहिले. तिन्ही नीट नोंदले गेले. मधूनमधून ‘बटण सापडले नाही’ असे म्हणून कार्यक्रम थांबे, म्हणून किमान साम्य आम्ही शेकडा ९० वरून ७० वर आणले. मग थांबणे बंद झाले. या यशाने आम्ही हर्षभरित झालो आणि उरलेले ५८ अर्ज रात्री यंत्राच्या स्वाधीन करून निश्चिंत झोपलो.

सकाळी पाहतो तो नोंदलेले अर्ज तीनच!

घडले ते असे. त्या सायंकाळी अर्जाच्या तळाशी ‘वरील माहिती खरी आहे’ अशा घोषणेची एक नवी चौकट आली होती. तिच्यात खूण केल्याखेरीज ‘सहेजें’ हे बटण करडे होऊन निजलेले राही. आमच्या साच्यात ते निळे होते. यंत्राला ते सापडले नाही. शेजारीच त्याच मापाचे, त्याच निळ्या रंगाचे दुसरे बटण होते: ‘निरस्त’. यंत्राने ते सहेजें समजून इमानेइतबारे ५८ वेळा दाबले. चार तासांच्या घरात भरलेले सारे अर्ज एकामागून एक पुसले गेले.

‘सहेजें’ आणि ‘निरस्त’, म्हणजे जतन आणि रद्द. परस्परविरुद्ध अर्थांचे हे शब्द यंत्राला सारखे कसे वाटले? पुन्हा गणित करू. बटणाच्या ४,००० ठिपक्यांपैकी समजा ६०० ठिपके अक्षरांचे, पांढरे. बाकीचे ३,४०० पाटीचे, निळे. देवनागरीत शिरोरेषा असते. ती दोन्ही शब्दांत जवळजवळ एकाच जागी येते. समजा, त्यामुळे २०० पांढरे ठिपके दोहोंत एकाच जागी पडले. मग पहिल्याचे ४०० आणि दुसऱ्याचे ४०० एवढेच ठिपके भिन्न. ४,००० पैकी ३,२०० जुळले. साम्य शेकडा ८०. आणि समजा, एकही पांढरा ठिपका एकत्र पडला नाही, तरी भिन्न ठिपके १,२०० च होतील आणि साम्य शेकडा ७० भरेल. प्रत्यक्षात वापरतात ते सूत्र याहून सूक्ष्म असते, परंतु त्याचे मर्म हेच आहे. अर्थ राहतो थोड्याशा ठिपक्यांत आणि साम्य मोजले जाते सर्व ठिपक्यांत. आम्ही ओढलेली ७० ची रेषा त्या फरकाच्या खाली होती.

त्या दिवशी आम्ही तिघा शिक्षकांनी अर्ज पुन्हा हाताने भरले. रात्री मुदत संपली तेव्हा ५७ पूर्ण झाले होते. एक राहिला. ज्या मुलीचा तो अर्ज होता, तिच्या वडिलांनी संत्र्याच्या बागेतील दोन दिवसांची मजुरी बुडवून बँकेचे कागद आणून दिले होते. दुसऱ्या दिवशी ती दाराशी उभी राहून म्हणाली, “सर, माहंच नाव कावून राह्यलं?” यंत्राने चूक केली असे सांगता आले असते, ते आमच्या तोंडून निघाले नाही. यंत्राने केले ते आम्ही सांगितल्याप्रमाणेच केले होते. पुढे मुदत वाढली आणि तिचा अर्ज भरला गेला. परंतु मधल्या दिवसांत वर्गात तिच्या बाकाकडे पाहणे आम्हांस जड गेले.

नंतर उमगले की, आमच्या कार्यक्रमात एक पायरीच नव्हती. पाहणे, शोधणे, ठरवणे, दाबणे या चार पायऱ्यांनंतर पाचवी हवी होती: पडताळणे. बटण दाबल्यावर ‘अर्ज नोंदला’ हे वाक्य पडद्यावर उमटले का, हे पाहायला हवे होते. न उमटल्यास तेथेच थांबायला हवे होते. ‘बटण सापडले नाही’ म्हणून यंत्र थांबत होते, तेव्हा ते प्रामाणिकपणे आपले अज्ञान सांगत होते. आम्ही आकडा खाली आणून त्याचे तोंड बंद केले.

रूप आणि अर्थ

आमची मातृभाषा कोकणी. ती गोव्यात देवनागरीत आणि रोमी लिपीत, कर्नाटकात कानडी लिपीत आणि केरळात मलयाळम लिपीत लिहिली जाते. एकच शब्द चार ठिकाणी चार वेश घालतो. घरातल्या माणसाला तो एकच. चित्र जुळवणाऱ्या यंत्राला मात्र ते चार परके शब्द. तसेच ‘सहेजें’ आणि ‘जतन करा’ यांचा अर्थ एक, पण यंत्राला ती दोन वेगळी चित्रे. उलट ‘सहेजें’ आणि ‘निरस्त’ यांचे रूप जवळचे, म्हणून त्याला ती जुळी भावंडे. रूपाच्या ओळखीला अर्थाची ओळख समजणे, हीच या विद्येतील मुख्य भूल होय.

अलीकडे लक्षावधी चित्रे दाखवून शिकवलेली यंत्रे निघाली आहेत. ती एकाच साच्यावर अवलंबून राहत नाहीत. रंग-आकार बदलला तरी ‘हे बटण आहे’ एवढे ओळखतात, अक्षरेही वाचतात. त्यांच्या चुका कमी झाल्या आहेत, संपलेल्या नाहीत. शिवाय जेथे यंत्र क्वचित चुकते, तेथे माणूस पडताळणे लवकर सोडून देतो.

रांगेतील माणूस

या युक्तीला नीतीचीही एक बाजू आहे. आपल्या पांढुर्ण्याचे स्थानक नागपूर-इटारसी या हमरस्त्यावर आहे. घरात कोणी आजारी पडले किंवा दूरच्या गावी परीक्षा निघाली, की तत्काळ तिकिटाची धावपळ सुरू होते. वातानुकूलित वर्गाची तत्काळ विक्री सकाळी १० वाजता आणि इतर वर्गांची ११ वाजता उघडते. आपला हात नाव टंकीत असतो, तोवर जागा संपलेल्या असतात. याचे एक कारण आपोआप अर्ज भरणारी, बटणे दाबणारी बेकायदा सॉफ्टवेअरे हे होते. विक्री उघडल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत प्रवेशाच्या प्रयत्नांपैकी शेकडा ५० पर्यंत प्रयत्न अशा यंत्रांचे असतात, असे रेल्वेने जून २०२५ मध्ये जाहीर केले. संशयास्पद ठरलेली सुमारे अडीच कोटी खाती बंद करण्यात आली, आणि १ जुलै २०२५ पासून आधारची पडताळणी झालेल्या खात्यांनाच संकेतस्थळावर तत्काळ तिकीट मिळू लागले. परवानगीवाचून तिकिटांचा धंदा करणे हा रेल्वे अधिनियमाच्या कलम १४३ खाली गुन्हा आहे. तो ई-तिकिटांनाही लागू आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला.

समोर माणूस आहे की यंत्र, हे ओळखण्यासाठी वाकडीतिकडी अक्षरे वाचायला लावणारी ‘कॅप्चा’ नावाची कसोटी आपण सर्वांनी पाहिली आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात लुइस फॉन आन, मॅन्युएल ब्लम प्रभृतींनी तिला हे नाव दिले. माणसाला वाचता येते ते यंत्राला येत नाही, या विश्वासावर ती उभी होती. यंत्रे वाचू लागली तशी ती कसोटी ढासळत गेली. आज यंत्राला रोखण्यासाठी माणसालाच आपले माणूसपण पुनःपुन्हा सिद्ध करावे लागते, हा केवढा विपर्यास!

परंतु हीच विद्या उलट दिशेनेही वापरता येते. दृष्टिहीन माणूस फोन वापरतो तो पडद्यावरील बटणांची नावे ऐकून. पुष्कळ बटणांना नावे दिलेलीच नसतात. ती त्याच्यापुरती मुकी. ॲपल कंपनीने २०२० मध्ये आयफोनात अशी सोय आणली की, फोन स्वतः पडद्याचे चित्र पाहून बटणे ओळखतो आणि ‘येथे बटण आहे’ असे बोलून सांगतो. त्यासाठी ४,०६८ ॲपांतील ७७,६३७ पडदे यंत्राला दाखवून शिकवण्यात आले होते. तेथे यंत्र बटण दाखवते. ते दाबायचे की नाही, हे माणूस ठरवतो. एकीकडे रांग मोडण्यासाठी नजर आणि दुसरीकडे नजर नसलेल्यासाठी नजर. विद्या एकच, हेतू आणि जबाबदारी यांत जमीन-अस्मानाचे अंतर.

उपसंहार

संत्र्याच्या हंगामात एकदा सौंसरच्या वाटेवर एका बागेत आम्ही निवड पाहत उभे होतो. एका वृद्ध बाईंनी ढिगातून एक पिवळेधमक, डागही नसलेले संत्रे उचलले आणि बाजूला टाकले. “बाई, याला काय झाले?” आम्ही विचारले. त्या हसून म्हणाल्या, “दिसाले चांगला हाये सर, पन हातात हल्का लागते.”

डोळ्यांनी होकार दिल्यावरही त्या हाताने वजन पाहत होत्या. आमच्या कार्यक्रमात नव्हती ती पाचवी पायरी हीच. विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी पुष्कळ जण पुढे अशी यंत्रे वापरतील, काही जण घडवतीलही. कंटाळवाणे काम यंत्राकडे अवश्य सोपवा; त्यात कमीपणा नाही. मात्र ज्या बटणामागे कोणाचे नाव, कोणाची मजुरी, कोणाचे वर्ष आहे, ते दाबले गेल्यावर काय झाले हे पाहण्याचे काम यंत्रावर टाकून झोपी जाऊ नका. आम्ही एकदा झोपलो होतो, म्हणून हे सांगण्याचा अधिकार आमच्याकडे आला आहे.

स्वाध्याय

१. पडदा १,३६६ × ७६८ ठिपक्यांचा आणि साचा ८० × ३० ठिपक्यांचा असेल, तर साचा किती जागी बसेल? एकूण तुलना किती होतील?

२. किमान साम्य फार वर ठेवल्याने आणि फार खाली ठेवल्याने होणाऱ्या चुका कोणत्या? शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी यांपैकी कोणती चूक अधिक घातक, ते सकारण लिहा.

३. जागा सांगणे, नाव विचारणे आणि चेहरा दाखवणे या तीन रीतींची तुलना करा.

४. तुमच्या घरी किंवा शेतात केवळ पाहून न भागता हाताने, कानाने वा नाकाने पडताळावी लागते अशी एक वस्तू निवडा आणि ती कशी पडताळतात, हे घरातील वडील मंडळींना विचारून दहा ओळींत लिहा.